आधी वर्ग, मग गाडी

चिपळूण तालुक्यातून एका आपांचे पत्र आले आहे. शोहर बहारीनमध्ये नोकरीला, मुलगा एकवीस वर्षांचा. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा झाला आहे, सध्या एका गॅरेजात काम शिकतो. त्याला मोटारींच्या शर्यतीत उतरायचे आहे. पत्रासोबत त्याने स्वतः केलेली यादी जोडली आहे. घरची स्विफ्ट विकून साडेतीन लाख, अब्बा पाठवणार ते दोन लाख. त्यातून जुनी होंडा सिटी, तिचे इंजिनकाम, आत पाइपांचा पिंजरा, रेसिंगची सीट आणि चार टायर. बेरीज पाच लाख चाळीस हजार. दहा हजार शिल्लक दाखवली आहे. आपांचा प्रश्न एका ओळीचा आहे: "ही गाडी घेणे बरोबर आहे का?"

यादी नीटनेटकी आहे, मुलाने अभ्यास केला आहे हे दिसते. पण गाडी बरोबर की चूक हे ठरवण्याआधी ती कोणत्या वर्गात पळणार ते ठरवावे लागते, आणि वर्गाचा उल्लेख यादीत कुठेच नाही.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. डावी-उजवी वळणे असलेल्या बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीला इंग्रजीत 'रोड रेसिंग' म्हणतात. नावाने घोटाळा होतो. एके काळी अशा शर्यती खरोखरच गावागावांमधल्या रस्त्यांवर व्हायच्या, म्हणून ते नाव राहिले. आज तिचा रहदारीच्या रस्त्याशी संबंध नाही. आपल्याकडे चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर अशा शर्यती कित्येक वर्षे भरत. पुढे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने इरुंगट्टुकोट्टई इथे खास ट्रॅक बांधला, सुमारे ३.७ किलोमीटरचा. दुसरा ट्रॅक कोइम्बतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे, सुमारे २.१ किलोमीटरचा. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या बहुतेक चेन्नई आणि कोइम्बतूरलाच भरत आल्या आहेत.

चिपळूणहून ही दोन्ही गावे अकराशे किलोमीटरच्या वर आहेत. पिंजरा बसवलेली, मागची सीट काढलेली, सायलेन्सर बदललेली गाडी नोंदणी पुस्तकाशी जुळत नाही, त्यामुळे ती रस्त्याने चालवत नेता येत नाही. ती ट्रेलरवर किंवा ट्रकमध्ये चढवून न्यावी लागते. मोसमात चार फेऱ्या धरल्या तर नुसत्या ने-आणीचेच नऊ हजार किलोमीटर होतात. यादीतल्या दहा हजारांत यातले किती बसेल ते बेटा तूच काढ.

आता वर्ग. एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, ही या खेळाची देशातली मान्यताप्राप्त संस्था. तिच्या नियमावलीत गाड्यांचे वर्ग ठरलेले असतात. दोन गोष्टी पाहून वर्ग पडतो: इंजिन किती सीसीचे आणि मूळ गाडीत किती फेरफार चालतो. राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षे दिसणारी नावे अशी: इंडियन टूरिंग कार, ज्यात १६०० सीसीपर्यंतच्या भरपूर काम केलेल्या गाड्या असतात. इंडियन ज्युनियर टूरिंग कार, ज्यात त्याहून लहान इंजिने. सुपर स्टॉक, ज्यात फेरफारावर बंधन जास्त. आणि उघड्या चाकांच्या, एकाच माणसाच्या फॉर्म्युला गाड्या, ज्यांत फॉर्म्युला एलजीबी हा नवख्यांचा जुना वर्ग.

मुलाने निवडलेली होंडा सिटी दीड लिटरची. तिच्या इंजिनाचे हेड उतरवून, कॅमशाफ्ट बदलून, त्याने लिहिलेले सगळे काम केले की ती थेट मोठ्या टूरिंग वर्गात जाऊन बसते. तिथे शेजारच्या पिटमध्ये कोण असेल? वीस-वीस वर्षे तीच गाडी उघडून-जोडून तिचा नटबोल्ट पाठ असलेले लोक. त्यांच्याकडे सुटे इंजिन वेगळे, सुटा गिअरबॉक्स वेगळा, आणि दोन मेकॅनिक पगारावर. वर्ग निवडला नाही म्हणून गाडीने तो परस्पर निवडला, आणि तोही सगळ्यांत महाग.

एक ठोकताळा सांगतो. ज्या वर्गात फेरफाराला मोकळीक जास्त, तिथे पैसा जास्त चालतो. ज्या वर्गात मोकळीक कमी, तिथे हात आणि डोके जास्त चालते. तरुणांना हे उलटे वाटते. त्यांना वाटते, मी हुशार मेकॅनिक आहे, मोकळीक असेल तर मी पुढे जाईन. पण मोकळीक सगळ्यांनाच असते, आणि ज्याची थैली जड तो ती जास्त वापरतो.

अमेरिकेतले उदाहरण घ्या. तिथे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था हौशी लोकांच्या शर्यती भरवते. नोकरी-धंदा सांभाळून शनिवार-रविवार गाडी पळवणारे लोक. त्यांच्याकडे वर्गांचे जंगल आहे, पण गर्दी असलेला वर्ग म्हणजे 'स्पेक मियाटा'. मियाटा ही माझदाची दोन सीटची छोटी, हलकी गाडी. गाड्या १९९० ते २००५ दरम्यानच्या, म्हणजे जुन्यापुराण्या. सगळ्यांना स्प्रिंग आणि शॉकअप एकाच प्रकारचे, टायर ठरलेले. १.६ लिटरची आणि १.८ लिटरची गाडी बरोबरीने पळावी म्हणून वजनात आणि इंजिनाच्या हवेच्या वाटेत फरक करून दिलेला. कुणी गुपचूप वेगळा पार्ट घातला तर तपासणीत बाद. परिणाम असा की सुरुवातीच्या रांगांत डझनांनी सारख्या गाड्या उभ्या राहतात. शनिवारी तुमची गाडी आपटली तर रविवारी सकाळपर्यंत शेजाऱ्याकडून तिचा हब मिळतो, कारण त्याच्याकडेही तीच गाडी. आणि तुमच्यापुढे गेलेला माणूस गाडीमुळे गेला की कौशल्यामुळे, हा वाद उरत नाही.

आपल्याकडे हेच डोके कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी चालवले. गिरणीवाल्या घरातला माणूस, स्वतः शर्यतपटू. परदेशी रेसिंग गाड्या आयात करणे इथल्या तरुणाला जमणारे नाही, हे पाहून त्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी मारुतीचे साधे इंजिन बसवलेली एकसीटी गाडी घडवली. फॉर्म्युला मारुती म्हणून ती ओळखली गेली. घरोघरी असलेल्या गाडीचे इंजिन, त्यामुळे सुटे भाग कोणत्याही दुकानात. नारायण कार्तिकेयन, जो २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पळणारा पहिला भारतीय ठरला, त्याची सुरुवातही याच गाडीतून झाली. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. कारी मोटर स्पीडवेचे नाव त्यांच्यावरूनच. पुढे आलेल्या फॉर्म्युला एलजीबीतही मारुतीचेच १३०० सीसीचे इंजिन, जे एस्टीममध्ये आणि जुन्या पेट्रोल स्विफ्टमध्ये असायचे. आपल्या मुलाने गॅरेजात ते कितीदा तरी उघडले असेल.

म्हणून वर्ग निवडताना मी पहिला प्रश्न हा विचारीन: गेल्या मोसमात या वर्गात सुरुवातीला किती गाड्या उभ्या होत्या? चार गाड्यांच्या वर्गात तिसरा येऊन कप मिळतो, पण शिकायला काही मिळत नाही. वीस गाड्यांच्या वर्गात चौदाव्या जागेसाठी तिघांशी झुंजलेला मुलगा त्या एका दिवसात वर्षाचे शिकतो. दुसरा प्रश्न: हा वर्ग तीन वर्षांनी असेल का? हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला. टोयोटाने इटिऑसच्या शर्यती भरवल्या. छान स्पर्धा होत्या, त्यातून चांगले चालक निघाले. पण कंपनीच्या स्पर्धा कंपनीच्या मर्जीने चालतात. मॉडेल बदलते, जाहिरातीचे बजेट बदलते, आणि कप संपतो. पोलो तर २०२२ पासून इथे बनणेच थांबले. गाडी कंपनीची होती तोवर चालकाचे नुकसान नव्हते. पण अशा एखाद्या कपाकडे बघून स्वतःच्या पैशाने गाडी बांधणाऱ्याच्या अंगणात ती उभी राहून गंजते.

आता गाडीकडे येऊ. वर्ग ठरल्यावर सुद्धा गाडी निवडताना माझा कौल नेहमी हलक्या आणि कमी ताकदीच्या गाडीला राहील. याचे कारण स्वयंपाकघरात समजते. हजार किलोची गाडी ताशी १६० वरून ८० वर आणायची, तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यात सव्वादोन लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीला येईल. एका वळणासाठी एकदा! एका फेरीत असे तीन-चार वेळा, आणि शर्यतीत दहा-बारा फेऱ्या. ती सगळी उष्णता डिस्क, पॅड आणि ब्रेक ऑइल झेलते. तेराशे किलोची गाडी असेल तर तीन लिटर पाणी उकळेल. म्हणजे पॅड लवकर संपणार, डिस्कला तडे लवकर, टायरच्या कडा लवकर जाणार. जड गाडीची किंमत एकदाच भरतो, वजनाची किंमत प्रत्येक वळणाला.

ब्रेक ऑइलचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. डॉट-४ जातीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांना उकळते. ते हवेतला ओलावा शोषते, आणि ओलावा पुरेसा मुरला की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल थेट फरशीला जाते. कोकणच्या हवेत ओलावा किती ते मी चिपळूणकरांना सांगायला नको. म्हणून शर्यतवाले ब्रेक ऑइल प्रत्येक फेरीआधी बदलतात. मुलाच्या यादीत ते नाही.

यादीत नसलेल्या अशाच बऱ्याच गोष्टी आहेत. लांब वळणावर चेंबरमधले इंजिन ऑइल एका बाजूला जाते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग बसतात. म्हणून चेंबरमध्ये आडवे पत्रे लावावे लागतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या पुढचे टायर खातात, चार टायरांत मोसम निघत नाही. सीटची गोष्ट सगळ्यांत दुखणारी. यादीत त्याने जुनी रेसिंग सीट स्वस्तात मिळत असल्याचे लिहिले आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेच्या सीटवर आणि पट्ट्यांवर तारीख असते. नेहमीच्या मान्यतेच्या सीटचे आयुष्य पाच वर्षे धरतात, पट्ट्यांचेही तसेच. तारीख उलटलेली सीट घेऊन गेलात तर तपासणीतच गाडी परत. शिवाय हेल्मेट, आगीत टिकणारा सूट, हातमोजे, बूट, मान सांभाळणारे हान्स हे उपकरण, आग विझवण्याचे सिलिंडर, वीज तोडण्याचे बटण. या वस्तूंत तडजोड करू नये. आणि सेकंडहॅण्ड हेल्मेट तर कधीच घेऊ नये. आतून चिरले असेल तर बाहेरून दिसत नाही.

माझा हिशेब साधा आहे. हातात जेवढे पैसे आहेत त्यांतला तिसरा हिस्सा गाडीला. दुसरा हिस्सा मोसम चालवायला: प्रवेश फी, टायर, पेट्रोल, ट्रक, मुक्काम, जेवण. तिसरा हिस्सा एका अपघातासाठी बाजूला. हा तिसरा हिस्सा वाचला तर पुढच्या वर्षी कामी येईल. सगळे पैसे गाडीत घालून ट्रॅकवर गेलेले लोक पहिल्या फेरीनंतर दिसत नाहीत, आणि मग ती गाडी विकायला निघते.

त्या विकायला निघालेल्या गाडीकडे मात्र लक्ष ठेवा. दुसऱ्याने बांधलेली, दोन मोसम पळालेली, तपासणी पास झालेली गाडी बांधणीच्या खर्चापेक्षा खूप कमी पैशांत मिळते. सोबत सुटी चाके आणि सुटे भागही येतात. गाडी स्वतः बांधण्यात मजा आहे हे मला मान्य आहे, आणि डिप्लोमावाल्या मुलाला तर ती मजा सोडवत नाही. पण बांधायला गेलेले पहिले वर्ष गॅरेजात जाते, ट्रॅकवर जात नाही. त्याला मेकॅनिक व्हायचे आहे की चालक, हे आधी त्यानेच ठरवावे. दोन्हीही इज्जतीची कामे आहेत.

एक सक्त अट. ज्या गाडीचे हप्ते चालू आहेत ती ट्रॅकवर नेऊ नये. आपल्या नेहमीच्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. गाडी भिंतीला लागली तर विमा कंपनी एक पैसा देत नाही, आणि बँक हप्ता मागतच राहते.

इथवर लिहून झाल्यावर मी पत्र उलटले. मागच्या बाजूला आपांनी दोन ओळी लिहिल्या आहेत, बहुतेक मुलाला न दाखवता. "रात्री जेवण झाल्यावर गाडी घेऊन मित्रांबरोबर जातो. परत आला की मी टायरला हात लावून बघते, गरम असतात."

आपा, खरा प्रश्न तुम्ही मागे लिहिला आहे. हायवे रुंद झाल्यापासून रात्री कोण कुठपर्यंत किती मिनिटांत गेले याच्या गप्पा आपल्याकडच्या चहाच्या टपऱ्यांवर चालतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बेटा, तुला सरळ सांगतो. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. पुढे अपघात झाला तर पिवळा झेंडा तुला वळणाआधी दिसतो. वळणाबाहेर गाडी घसरायला मोकळी जागा असते, अॅम्ब्युलन्स आणि डॉक्टर आल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. हायवेवर रात्री मागचा दिवा नसलेला ट्रॅक्टर असतो, रस्त्यात बसलेली गाय असते, आणि दुसऱ्या पाळीवरून सायकलने घरी निघालेला कुणाचा तरी अब्बा असतो. त्याने शर्यतीच्या फॉर्मवर सही केलेली नसते. मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाने रस्त्यावरची शर्यत हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण कायद्याची भीती दाखवून मी तुला थांबवू पाहत नाही. ज्याला ट्रॅकवर जायचे आहे त्याला हायवेवर काही शिकायला मिळत नाही एवढेच बघ. सरळ रस्त्यावर पेडल दाबणे कुणालाही येते. शर्यत जिंकली जाते ती ब्रेक कधी सोडायचा यात, आणि ते शिकायला तेच वळण शंभर वेळा घ्यावे लागते.

म्हणून आपा, मुलाला नकार देऊ नका असे मी म्हणेन. नकार दिलात तर हायवे आहेच. पण स्विफ्ट विकायला होकारही देऊ नका. पहिल्या वर्षी गाडी घ्यायचीच नाही. खाली सांगतो तसे करा, आणि एक अट तोंडी नको, कागदावर लिहून घ्या: रात्रीची एक जरी फेरी झाली तरी त्या वर्षाचे पैसे बंद. अब्बांनाही फोनवर ती वाचून दाखवा, म्हणजे तिकडून परस्पर पैसे येणार नाहीत.

सुरुवात कार्टिंगने व्हावी. कार्ट म्हणजे जमिनीला टेकलेली, सस्पेन्शन नसलेली छोटी गाडी. मुले खेळतात म्हणून तिला हसू नये. फॉर्म्युला वनपर्यंत गेलेले आजचे बहुतेक चालक तिच्यातून आले आहेत. चूक केली की लगेच कळते आणि दुरुस्तीचा खर्च कमी. चेन्नईचे अकबर इब्राहिम स्वतः जुने शर्यतपटू, पुढे एफएमएससीआयचे अध्यक्षही झाले. त्यांनी मेको मोटरस्पोर्ट्समार्फत कित्येक वर्षे कार्टिंगच्या स्पर्धा आणि शिक्षण चालवले. त्यांचा मुलगा अरमान ए-वन ग्रां प्रीमध्ये भारताकडून आणि पुढे अमेरिकेतल्या इंडी लाइट्सपर्यंत पळाला. आपल्याला जवळ म्हणजे कोल्हापूर. तिथे हुपरीकडे मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या आहेत. घाट चढून एका दिवसात जाऊन येण्यासारखे. वेळ विचारून जा, आणि पहिल्या खेपेला आपांनीही सोबत जावे.

त्यानंतर फॉर्म्युला गाडीचा नवख्यांचा वर्ग. जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत नोव्हिस कप म्हणून पहिल्यांदा उतरणाऱ्यांचा वर्ग काढला गेला तो याचसाठी. अशा वर्गात गाडी संघाची असते, मेकॅनिक संघाचे असतात. आपण हेल्मेट आणि सूट घेऊन जायचे, ठरलेली रक्कम भरायची, गाडी चालवायची आणि रेल्वेने परत यायचे. ट्रक नाही, ट्रेलर नाही, अंगणात गंजणारी गाडी नाही. रक्कम भरण्याआधी संघाला एक गोष्ट लेखी विचारा: गाडी आपटली तर भुर्दंड कुणावर आणि किती मर्यादेपर्यंत? इथेच पुढे भांडणे होतात. उघड्या चाकांच्या गाडीत एक धोका वेगळा आहे. चाकाला चाक लागले तर गाडी उसळते. त्यामुळे तिथे धसमुसळेपणा चालत नाही, आणि नवख्याला ती सवय सुरुवातीलाच लागलेली बरी. टूरिंग गाड्यांत दाराला दार घासून जायची सवय लागते, ती पुढे मोडता मोडत नाही.

यासाठी आरटीओचे लायसन्स पुरत नाही. एफएमएससीआयचे स्पर्धेचे लायसन्स काढावे लागते, त्यासाठी डॉक्टरी तपासणी आणि नवख्यांना मान्यताप्राप्त शिक्षण लागते. या शिक्षणाचे पैसे घालण्यात कंजुषी नको. सिटीच्या इंजिनकामापेक्षा त्याचा फायदा जास्त होईल.

आणि एक वाट मुलाच्या यादीत नाही, पण त्याच्या डिप्लोमाला शोभणारी आहे. मोसमातल्या एका फेरीला कोणत्या तरी संघाकडे मदतनीस म्हणून जावे. चाके बदलणे, टायरमधली हवा मोजणे, ब्रेक ऑइल काढणे. पैसे फारसे मिळणार नाहीत, कदाचित जेवण आणि मुक्काम तेवढा मिळेल. पण कोणत्या वर्गात किती गाड्या, कुणाची गाडी विकायला आहे, कोणत्या गाडीचा गिअरबॉक्स दर फेरीला फुटतो, ही माहिती पिटमध्ये दोन दिवस उभे राहिले की आपोआप कानावर येते. नियमावलीत ती छापलेली नसते. झेंडे दाखवणारे मार्शलही क्लबला नेहमी हवे असतात.

बहारीनच्या भाईजानांना एक विनंती. साखीरचा ट्रॅक तुमच्यापासून लांब नाही. २००४ पासून तिथे फॉर्म्युला वन होते, पण ते बघायला जाऊ नका. तिथल्या स्थानिक हौशी लोकांच्या शर्यतीच्या दिवशी जा, ज्यात २००० सीसीपर्यंतच्या साध्या गाड्या पळतात. एखाद्या चालकाला विचारा की गेल्या वर्षी गाडीवर किती घातले आणि ती चालवण्यावर किती. दोन्ही आकडे लिहून घ्या आणि मुलाला पाठवा. माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा त्याला ते लवकर पटतील.

दुसऱ्या वर्षीही मुलाची ओढ तशीच राहिली, आणि नोव्हिसच्या वर्गात तो निदान प्रत्येक शर्यत पुरी करू लागला, तर मग गाडी घेण्याचा विचार करा. तेव्हा सुपर स्टॉक किंवा फॉर्म्युला एलजीबी यांपैकी ज्या वर्गात गाड्या जास्त असतील तो निवडा, आणि त्यातली पळालेली गाडी घ्या. होंडा सिटीचे तेव्हा बघू.

स्विफ्टबद्दल एवढेच. ती घरातच राहू दे. तिचे ब्रेक ऑइल किती वर्षांचे आहे ते या जुम्याला मुलाकडून तपासून घ्या. पावसाळ्याआधी बदलले नसेल तर त्याच्याच हाताने बदलून घ्या, आणि रात्री किल्ली तुमच्या कपाटात.